इनासची पिकअप चालू का होत नव्हती

गाडी चालू होत नाही म्हणून बोलावणं आलं, की मेकॅनिकचं पहिलं काम म्हणजे मालकाला गप्प बसवणं. तो कालपासूनची सगळी हकिगत सांगायला लागतो. बॅटरी नवीनच आहे म्हणतो, डिझेल कालच भरलं म्हणतो, शेजाऱ्यानं ढकलून बघितली तेही सांगतो. सगळं ऐकत बसलं तर दुपार होते. मी म्हणतो, "किल्ली फिरव आणि तोंड मीट." मग गाडी काय म्हणते ते ऐकायचं. नुसती टकटकटक करत राहिली तर बॅटरीत दम नाही. एकदाच 'टक्' करून थांबली तर स्टार्टर अडकलाय. इंजिन गरागरा फिरतं पण पेट घेत नाही, तर डिझेल वर पोचत नाही किंवा पाइपात हवा शिरली आहे. आणि काहीच आवाज नाही, समोर एक दिवाही लागत नाही, तर वीजच कुठेतरी तुटलीय, म्हणजे वायर बघायची. बॉनेट उघडायच्या आधीच अर्धं काम झालेलं असतं. उरलेलं अर्धं काम म्हणजे मालकाला न दुखवता दोष सांगणं, आणि ते मला कधी नीट जमलं नाही. दिसलं की मी बोलून मोकळा होतो.

मालवणजवळच्या कट्टा गावात, बसस्टॉपच्या मागे माझं गॅरेज. आता भाचा बघतो. मी सकाळी जाऊन खुर्ची अडवतो आणि त्याच्या कामात चुका काढतो. जन्मभर पिकअपच जास्त हाताखालून गेल्या, कारण आमच्याकडे सगळं पिकअपमधूनच जातं: मासे, जांभ्या दगडाचे चिरे, आंबे, लग्नाचं वऱ्हाड. गाडी काय वाहते ते कळलं की तिचं दुखणं ओळखता येतं. चिऱ्याच्या गाडीत तांबडी धूळ जाऊन ती धापा टाकते. आंब्याच्या गाडीत पेंढ्याबरोबर उंदीर येतात आणि वायरी कुरतडतात. माशांच्या गाडीला मीठ खातं. पेट्यांमधला बर्फ वितळतो, खारं पाणी हौद्यातून चेसिसवर ठिबकतं आणि वायरींच्या टोकांना हिरवी पूड धरते. त्या पुडीवर माझं घर उभं राहिलं असं बायको म्हणते, आणि ते खोटं नाही.

लोकांच्या भक्तीवरही आमचा धंदा बरा चालतो. खंडेनवमीला विहिरीचा पंप लावून गाडीला अशी न्हाऊ घालतात की इंजिनाच्या सांदीकोपऱ्यात पाणी जातं. वर हळद, कुंकू, झेंडूची माळ. दसऱ्याच्या दिवशी सोनं लुटायला निघायच्या वेळी गाडी ढिम्म. मग माळेसकट ओढत आणतात आणि मलाच विचारतात, पूजेत काय चुकलं?

एकदा बाबली नावाच्या गिऱ्हाइकाची पिकअप गणपतीच्या शाळेच्या, म्हणजे मूर्ती करतात त्या घराच्या अंगणात बंद पडली. मूर्ती हौद्यात बसलेली, पोरं टाळ घेऊन तयार, घरी बायका आरती घेऊन ताटकळलेल्या. मी खाली घुसून डिझेलचा पाइप बघतोय तोवर बाबलीच्या काकांनी गाडीसमोर उभं राहून गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली. "बा देवा म्हाराजा, ह्या लेकरांकडसून काय चुकला माकला असात तर पदरात घे आणि ही गाडी मार्गाक लाव रे म्हाराजा!" सगळे ओरडले, "व्हय म्हाराजा!" पाइपाचा क्लिप सैल होता. मी तो आवळला, हातपंप मारून हवा काढली आणि बाबलीला खूण केली. नेमकी त्याच 'व्हय म्हाराजा'ला गाडी धडधडून चालू झाली. काकांना लोकांनी नमस्कार केले. मी चिखलातून बाहेर आलो तेव्हा मोदकसुद्धा संपले होते.

पण आज मला सांगायची आहे ती इनासची गोष्ट. एक गाडी मी कितीतरी महिने चालू केली नाही. ती बंद का आहे ते पहिल्याच दिवशी कळूनही.

इनास खाडीकाठच्या ख्रिस्ती वाडीतला. वयानं माझ्यापेक्षा थोडा मोठा, पण आम्ही अरेतुरेतले. मालवणच्या बंदरावरून मासे भरून गोव्याला न्यायचे, हा त्याचा आयुष्यभराचा धंदा. गोव्याच्या हद्दीवर इन्सुलीच्या नाक्यावर त्याला सगळे ओळखत. त्याची पिकअप माझ्याकडे आली की मला वाईट वाटायचं, कारण काम नसायचं. रोज गोड्या पाण्यानं धुणार, टोकांना ग्रीस लावणार, हौद्याखाली स्वतः आडवा होऊन बघणार. मिठाला त्यानं कधी दाद दिली नाही.

मग त्याच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. यात समोरचं दिसत राहतं, बाजूचं हळूहळू पुसत जातं. घोड्याच्या डोळ्यांना झापडं बांधतात तसं. त्यामुळे माणसाला वाटतं, मला सगळं दिसतंय. डॉक्टरांनी गाडी बंद करायला सांगितलं. इनास म्हणाला, डॉक्टराला गाडीतलं काय कळतं! धंदा सोडला, पण बायकोला बाजारात न्यायचं, चर्चला न्यायचं, हे चालूच ठेवलं.

एका रविवारी सकाळी त्याचा फोन आला. "मेस्त्री, गाडी मेली रे. किल्ली फिरवतंय तर हू नाय की चू नाय."

मी गेलो. घरासमोर फणसाखाली पिकअप उभी. इनास पायरीवर, चर्चमधल्या मिसाहून आल्यावरच्या स्वच्छ शर्टात. मी किल्ली फिरवली. आवाज नाही, दिवा नाही. म्हणजे वायर. या पिकअपची बॅटरी केबिनच्या मागे, हौद्याखाली चेसिसला बसवलेली असते. मी वाकून झाकण काढलं.

अर्थची वायर बॅटरीवरून निघालेली होती. तुटलेली नाही, गंजलेली नाही. नट अंगाला ओरखडा न पडता सैल केलेला आणि वायर अलगद बाजूला वळवून ठेवलेली. आणि तिच्या टोकाला तेल लावलेलं. वास घेतला तर खोबरेल.

माझ्या सगळ्या आयुष्यात असा बिघाड मी पाहिला नव्हता. कुणी खोडी काढायला वायर सोडली, तर तो तेल लावून जात नाही. मी मान वर केली. स्वयंपाकघराच्या दारात इनासची बायको, रोजा वहिनी, चहाचा कप घेऊन उभ्या होत्या. नजर माझ्यावर नव्हती, त्या उघड्या झाकणावर होती.

"काय मेळला?" इनासनं विचारलं.

"बघतंय."

"अर्थची वायर बघितलंस?"

"बघितलंय. बरी आसा."

"बरी आसा तर बरी आसा," इनास म्हणाला आणि चहा प्यायला लागला.

तोंडातून खोटं गेलं आणि माझे कान गरम झाले. मी काहीतरी ठोकल्यासारखं केलं आणि हात धुवायच्या निमित्तानं मागे विहिरीवर गेलो. रोजा वहिनी पाठोपाठ आल्या. कळशी नव्हती, दोरी नव्हती, नुसत्याच आल्या.

"मेस्त्री, ह्येंका सांगू नकात."

"वयनी, पण कित्याक?"

"गेल्या आयतवारी चर्चाक जाताना मी बाजूक बसललंय. शाळेकडच्या वळणार एक चेडू, ल्हान पोरगी, सायकलवरसून जाय होता. ह्येंका दिसलाच नाय. हातभर ऱ्हवला असात. मी किंचाळलंय, तर माका म्हणतत, कित्याक बोवाळतंस? तेंका म्हायतच नाय, मेस्त्री." त्यांनी पदराचं टोक तोंडाशी धरलं. "उद्या कोणाचा तरी पोर गेला तर? पण 'गाडी चालवू नकात' ह्या माझ्या तोंडातसून भायर पडना नाय. गाडयेर बसले की ते पयल्यासारखे असतत. ता काढून घेतलंय तर मागे काय ऱ्हवला?"

मला राहवेना. "आणि तेल कशाक लावलास?"

"गंज येतलो मरे नायतर!" त्या चकित होऊन म्हणाल्या. "ह्येंनी इतकी जपलेली गाडी ती."

मी परत गेलो आणि इनासला सांगितलं की स्टार्टरचा सोलेनॉइड गेला असणार, पार्ट कोल्हापूरहून मागवावा लागेल, वेळ लागेल. आता जाणकारांनी हसून घ्यावं. समोर एक दिवा लागत नसताना सोलेनॉइडचं नाव घेणं म्हणजे माणसाचा श्वास बंद असताना त्याचा दात दुखतोय म्हणणं. इनाससारखा पक्का ड्रायव्हर हे ऐकून घेतो, "बरा, मागव" म्हणतो, आणि मला काहीच संशय येत नाही! गाडीचं ऐकायला शिकलो, माणसाचं ऐकायचं राहिलं, ते असं.

त्यानंतर दर रविवारी मी तिथे जायला लागलो. पार्ट आला नाही म्हणून जायचं, आणि गेलोच आहे तर बाकीचं बघू म्हणून गाडी उघडायची. डिझेल फिल्टर काढला, साफ केला, बसवला. ब्रेकची पट्टी बघितली. बॅटरी तपासायची सांगून गॅरेजवर नेली आणि भरून आणली, कारण रोजा वहिनींनी हळूच बजावलं होतं, "बॅटरी मरता नये हां मेस्त्री, मगे खर्च येतलो." चालू करायची नाही अशा गाडीची इतकी सेवा मी आधी कधी केली नव्हती. इनास स्टूल घेऊन बाजूला बसायचा. मी काढलेला भाग त्याच्या हातात द्यायचो. तो डोळे मिटून चाचपायचा आणि नाव सांगायचा, आणि मग त्या भागानं त्याला कुठल्या घाटात, कुठल्या पावसात दगा दिला ते सुरू व्हायचं. दुपारी त्यांच्या ताटात डुकराच्या मटणाचं सोरपोतेल, माझ्यासाठी वेगळं बांगड्याचं तिखलं. मला ते रविवार फार आवडायला लागले होते. आज कबूल करायला हरकत नाही.

फक्त कट्ट्याला तोंड दाखवायची चोरी झाली. "मेस्त्रीक इनासची गाडी जमणा नाय," असं बाजारात बोलणं झालं. बाबली तर दुकानावर भेटून म्हणाला, "काकांका सांगू काय गाऱ्हाणा घालूक?" माझं नाव ज्या गोष्टीवर होतं तीच गोष्ट लोक उकरत होते. रात्री जेवताना बायकोला सगळं सांगितलं, तर ती म्हणाली, "गाडी चालू करून दाखवा आणि त्या बाईचं घर मोडा, मग बाजार खूश होईल."

नाताळाच्या आधीचा रविवार. मी स्कूटरवरून चाललो होतो. त्यांच्या वाडीच्या तोंडाशी क्रूस आहे, तिथे वळलो आणि हॉर्न ऐकू आला. थांबून थांबून नव्हे, एकसारखा. तो हॉर्न मीच बसवलेला होता, त्यामुळे कुणाचा हे विचारावं लागलं नाही. आणि त्याच्याखाली इंजिनचा आवाज.

गाडी चालू आहे म्हणजे इनास निघाला. हॉर्न थांबत नाही म्हणजे कुठेतरी आदळला, कुणाला तरी घेतलं. तेवढ्या अंतरात मी त्या सायकलवरच्या मुलीचा चेहरा, न पाहिलेला, पाहून घेतला. आणि म्हणालो, मेस्त्री, पहिल्याच दिवशी खरं बोलला असतास तर?

आवारात शिरलो. पिकअप फणसाखालीच होती. जागची तसूभर हललेली नव्हती. इंजिन चालू, दार उघडं, आणि इनास ड्रायव्हरच्या जागेवर ताठ बसून दोन्ही हातांनी हॉर्न दाबत होता. माडांमधून माणसं धावत येत होती. बाकीची वाडी चर्चला गेलेली, म्हणून उशीर लागला.

"रोजा," तो मला म्हणाला. "भितर. चुलीकडे."

रोजा वहिनी जमिनीवर पडल्या होत्या. घामानं ओल्याचिंब, डोळे अर्धे उघडे, हाक मारली तर नुसतं हुं. शेजारच्या बायकांनी उचललं. मी गाडीच्या दाराशी येऊन उभा राहिलो. 'गाडी चालवू नको' हे इतके महिने कुणीच न बोललेलं वाक्य आता मला बोलावं लागणार, असं वाटलं. पण इनासनं माझ्याकडे बघितलंही नाही. स्टिअरिंगवरचा हात काढला आणि सरकत सरकत पलीकडच्या खिडकीशी जाऊन बसला. मधे रोजा वहिनींना बसवलं. त्यानं त्यांचं डोकं खांद्यावर घेतलं.

"चल," तो म्हणाला. "वळणार म्हशी असतत. हॉर्न मार."

दवाखान्यात त्यांना आत नेलं आणि आम्ही बाहेर बाकावर बसलो. त्याच्या शर्टाची बाही चेसिसच्या काळ्या घाणीनं माखली होती.

"फोनाक रेंज नाय होती," तो आपणहून म्हणाला. "बोंबललंय, कोण येयना. मगे वायर लावलंय, हातान दाबून बसवलंय आणि किल्ली मारलंय. गाडी एका फटक्यात चालू झाली. क्लच दाबलंय. गेर टाकलंय. आणि मगे माका ता शाळेकडचा वळण आठवला, ही किंचाळलली ता. हिका वाचवूक जाताना आणि कोणाचा तरी पोर मारीन, असा वाटला. त्या क्लचवरसून पाय काढूक माका जितको त्रास झालो ना मेस्त्री, तितको माझी आये गेली तेवा झालो नाय."

"वायर तुका म्हायत होती?"

"तुका फोन केलंय तेच्या आधीच. गाडी चालू होणा नाय म्हटल्यार मी पयलो हात खंय घालतलंय? हात लावलंय, तर खोबरेल तेल." त्याला हसू आलं. "ग्रीस सोडून खोबरेल लावणारा माणूस आमच्या घरात एकच आसा."

"मगे माका कशाक बोलवलंस, मेल्या? सगळो बाजार माका हसता!"

"बोलवलंय नसतंय तर तिका कळला नसता, माका कळला ता?"

बंद पडलेली गाडी असून इनास मेकॅनिकला बोलावत नाही, म्हणजे इनासला माहीत आहे. आणि इनासला माहीत आहे, म्हणजे मग त्या दोघांना समोरासमोर बसून डोळ्यांचं बोलावं लागणार. ते तिला जड जाईल म्हणून त्यानं स्वतःच्या चालत्या गाडीसाठी मला महिनोन्महिने राबवलं होतं. मला राग यायला हवा होता. माझे डोळे भरून आले आणि मी उगाच नाक शिंकरलं.

नर्सनं आत बोलावलं. साखर फार खाली गेली होती. मधुमेहाची गोळी घेऊन, काही न खाता त्या मिसाला जायच्या तयारीत कामाला लागल्या होत्या. सलाइन चढत होतं, चेहऱ्यावर रंग आला होता. इनास खाटेची कड चाचपत जवळ गेला आणि त्यांच्या पायांशी बसला.

रोजा वहिनींनी डोळे उघडले आणि त्यांना काहीतरी आठवलं. त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग इनासकडे.

"माका हय कशातसून हाडलास?"

"गाडयेतसून," इनास म्हणाला.

"आमच्या?"

"मगे कोणाच्या?"

"ती चालू कशी झाली?"

इनासनं माझ्या दिशेला मान वळवली. मी होतो तिथे नाही, थोडं बाजूला. मी तेवढाच सरकून त्याच्या समोर आलो.

"मेस्त्रीन केल्यान," तो म्हणाला. "पार्ट इलो तेचो."

"होय वयनी," मी म्हणालो. "काल इलो. सकाळीच बसवलंय."

असा पार्ट कधी मागवलेलाच नव्हता हे ठाऊक असलेली तिसरी व्यक्ती खाटेवर होती. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग इनासच्या काळ्या बाहीकडे बघितलं आणि तिच्यावर हात ठेवला.

"आता ती चालू ऱ्हवतली?"

"ऱ्हवतली," इनास म्हणाला.

"आणि चालवतलो कोण?"

इतक्या सगळ्या महिन्यांत हा प्रश्न त्या घरात पहिल्यांदा मोठ्यानं विचारला गेला. इनासनं खिशातून किल्ली काढली. रोजा वहिनींचा हात शोधला, तळव्यात किल्ली ठेवली आणि त्यांची बोटं मिटवली.

"तू सांगशीत तो," तो म्हणाला.